डावी बाजू

चपलांच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि माधवनगरचं ते गॅरेज आठवलं. तेव्हा बायको जाऊन महिना झाला होता. कराड-सांगली रोज ये-जा करून आमची जुनी गाडी फार आदळायची. पाठदुखीला कंटाळून तिनंच मागं लागून चांगल्यातले शॉकअप मागवायला लावले होते. ते आल्याचा मिस्त्रीचा फोन आला, म्हणून मी गेलो. पत्रा तापला होता, हातातला चहा थंड झाला होता, आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं. "डावी बाजू लय बसलीया, सायेब. रोज कोण असतंय हिकडं?" गाडीखालून मिस्त्रीनं विचारलं. "बायको," मी म्हणालो. असायची, असं म्हणायचं राहून गेलं. काम झाल्यावर तो शेजारी बसला आणि आम्ही एक चक्कर मारायला निघालो. गतिरोधक दिसला, तसं रोजच्यासारखं माझ्या तोंडून निघालं, "धर गं."  मिस्त्रीनं हात वर करून दारावरची दांडी धरली. "धरलंय," तो म्हणाला. गाडी किती अलगद उतरली होती, ते आज, एक चप्पल हातात घेऊन उभा असताना कळतंय.