ताई घरी येते तो दिवस

शकू, वडिवळ्यातून निघालो तवा टेम्पोपाशी घरातल्या जावांपैकी तू एकटीच आलीस. सोनलचं ताट-पेला फडक्यात बांधून दिलंस, म्हणालीस, “पोरीचं हाय, तिच्याबरोबरच जाऊ द्या.” घरात ते ताट वेगळंच घासलं जायचं. तुला वाटलं माया केली. मी व्हय म्हटलं. माझा पोरगा दत्तू आणि सून एचआयव्हीनं गेल्याचं कळल्यापासून शाळेतबी माझ्या नातीला खिचडी दाराशी बसवून वाढायचे, म्हणून तर निघालो होतो.

तितं दार सताड टाकून भातखाचरात जायचो. हितं वराळ्यात दाराला लॅच, माणसं शिफ्टवाली, कोण कुणाला पुसत न्हाई. मला तेच बरं वाटलं. मी मेसमध्ये पोळ्या लाटते. सोनल आठवीत हाय, गोळी चुकवत न्हाई, अंगानंबी भरलीय. आईबाप नसलेल्या पोरांना सरकार देतं ते बालसंगोपनाचे पैसे बँकेत येतात, कधी उशिरा, पण तिचा क्लास, वह्या त्यातनंच होतात. त्यासाठी एक ताई घरी येऊन बघून जाते, पोर शिकते का, जेवते का. ताई गुणाची. पण ती येणार म्हटलं की आठ दिवस आधीपास्नं मी जिन्यात कोण हाय ते बघत ऱ्हाते. गावात अशीच बाई आली होती नि दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला बघून बाया गप्प झाल्या होत्या.

परवा ताई फाईल घेऊन आली. शेजारच्या पवारमावशींनी जिन्यातच विचारलं, कोण पाव्हण्या? मी म्हटलं, विम्याची बाई. तर मावशी म्हणाल्या, मग मलाबी काढायचाय, आणि आत येऊन बसल्याच. ताई बिचारी अर्धा तास विमा समजावत बसली. सोनलचं काही न विचारता गेली. आता मंगळवारी परत यायचीय. भेट झाली न्हाई तर पैसे अडायचे, झाली तर मावशींना कळायचं.

मी सामान भरायला गोणी काढली. सोनलला म्हटलं, दुसरी खोली बघू.

“आज्जी, तू खोटं बोलतीस तवा लय मोठ्यानं बोलतीस,” ती म्हणाली. “त्या गोळ्या कशाच्या ते मला ठावं हाय. पुस्तकात धडाच हाय. मावशींना सांगते, ताई माझ्या शिक्षणासाठी येते. फुडचं सांगायचं का न्हाई ते माझं मी बघीन. पण मी हितनं हलणार न्हाई.”

शकू, तू फोनवर विचारतेस, घराची आठवण येते का. येते गं. पण पोर जितनं हलत न्हाई म्हणते, तेच घर म्हणायचं आता. गोणी घडी करून ठेवली. टाकून मात्र दिली न्हाई.