खुंटा डोकरी

दोन हजार चोवीस साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, म्हणजे आधारकार्डाप्रमाणे. खरं वय सांगणारे सगळे मेले. त्या साली डहाणू रोडला आमच्यात एक म्हातारी होती, आमच्या बोलीत डोकरी. कोणाच्याही सांगण्यावरून ती जागची उठत नसे. एवढंच तिचं मोठेपण. मला तेवढं पुरतं.

बाजाराच्या मागे लांब भिंत आहे, तिला लागून आमची प्लास्टिकची पालं होती. तिचं माझ्या शेजारी. ती तलासरीकडच्या डोंगरातली, मीही तिकडचाच, मधे एक नदी. दोघांचीही घरं भावकीने गिळलेली. दिवसा ती चिकूच्या वाडीत पडलेली फळं वेचायची, आणि संध्याकाळी पालापुढची हातभर जमीन शेणाने सारवायची. शेजारून गटार वाहतंय आणि ही बाई सारवतेय. मी हसलो की म्हणायची, "मास्तर, वास गटाराचा येतो का तुझा?" मी दुसरी शिकलो, सही येते, म्हणून मी मास्तर. तिने मला कधी नावाने हाक मारली नाही, मीही तिचं खरं नाव विचारलं नाही. गोड बोलणं दोघांनाही जमत नसे.

बसण्याचं असं आहे. आमच्या पाड्यांवर बैठक भरली की हात वर करायची पद्धत नाही. ज्याला गोष्ट कबूल झाली तो उठतो. ज्याला नाही तो बसून राहतो. एक माणूस जरी बसलेला असला तरी निकाल झाला नाही असंच धरतात. डोकरीच्या बापाने तिचं लग्न एका दारुड्या बिजवराशी ठरवलं होतं. सगळी बैठक उठली, ही पोरगी बसून राहिली. बापाने लाथ घातली, आईने केस ओढले, ही मातीकडे बघत बसली. शेवटी बिजवरच कंटाळला. "त्याने दुसरी केली. ती मार खाऊन मेली. मी बसले म्हणून जगले," असं ती मजेत सांगायची. त्या दुसरीबद्दल तिला काडीचं वाईट वाटत नसे.

इथेही तिने तेच चालवलं. सार्वजनिक नळावर कोणी रांग मोडून हंडा घुसवला की ही नळाखाली जाऊन बसे. पाणी डोक्यावर, बायकांच्या शिव्या कानावर. एकीने तर हंडा तिच्या पाठीत घातला. पाठ सुजली, पण हंडा रांगेत मागे गेला. तेव्हापासून ती खुंटा डोकरी.

दिवाळी झाल्यावर नगरपरिषदेचा निरोप आला की भिंतीजवळच्या पालांचं काय करायचं ते सगळ्यांना विचारून ठरवायचंय. त्यांच्या सभागृहात आम्हालाही बोलावलं होतं, खोटं कशाला सांगू. गावातल्या लोकांना खुर्च्या होत्या, आम्हाला सतरंजी. चहा खुर्च्यांपर्यंत आला. एक कापडवाला म्हणाला की गिऱ्हाईक नाक धरून येतं. एक बाई म्हणाल्या, गरिबांबद्दल आम्हाला प्रेमच आहे, फक्त मुलांना रोज दिसायला नको. नगरपरिषदेच्या साहेबांनी सांगितलं, भिंत स्वच्छ करून तिच्यावर वारली चित्रं काढू, तारप्याचा नाच काढू, आपली संस्कृती आहे. टाळ्या झाल्या. डोकरी माझ्या कानाला लागली. "मास्तर, सांग त्यांना, मला काढायची तर बसलेली काढा."

मग साहेबांनी विचारलं, कोणाचा विरोध आहे का. मी बसूनच सांगितलं की आहे, आणि ही बाई उठत नाही तोवर निकाल झाला असं धरू नका. साहेब माणूस चांगला, हसून बोलला. "आजोबा, त्यांचे गुडघे दुखत असतील. उठवा त्यांना कोणीतरी." एकमताने ठरलं असं जाहीर झालं आणि खुर्च्या सरकल्या.

डोकरी बसली होती. शिपायाने तिच्या खालची सतरंजी ओढून काढली, ती फरशीवर बसली. कुलूप लावायचं म्हणून तिला बाहेर ओट्यावर आणून ठेवली, ती ओट्यावर बसली. मला म्हणाली, "तू जा, पालं बघ. एक बसला तरी पुरतो. मी बसलेय तोवर कोण हात लावतोय?"

सकाळी जेसीबी आला. पहिलं तिचंच पाल गेलं, सारवलेल्या जमिनीसकट. तिचं चेपलेलं पातेलं घेऊन मी ओट्यावर गेलो. तिने ते मांडीवर घेतलं, चेपलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "पण मी उठले नव्हते," म्हणाली. मला नाही, पातेल्याला. मी म्हटलं, चल आता, झालं ते झालं.

"आता उठले तर कबूल केलं असं होईल," ती म्हणाली.

दुपारी नगरपरिषदेच्या दोघांनी तिला काखेत धरून, गुडघे दुमडलेले तसेच, टेम्पोत ठेवली. काही म्हाताऱ्यांबरोबर तिला चारोटीला हायवेवर सोडलं. तिथे हॉटेलं आहेत, पोटाला मिळेल, असं म्हणाले. मलाही चढायला सांगत होते. मी चढलो नाही. आशागडला एका ओळखीच्याच्या गोठ्यात पडून राहिलो.

थंडी पडल्यावर निरोप आला. हॉटेलच्या भिंतीला टेकून बसली होती म्हणे. झोपलीय समजून गिऱ्हाईकं दुपारपर्यंत तिच्या गुडघ्यांवरून पाय टाकून चहा नेत होती. मी गेलो. नात्याचं कोणी नव्हतं, मीच अग्नी दिला. तिचे गुडघे काही सरळ झाले नाहीत. अशा मढ्याला लाकडं जास्त लागतात, म्हणून तिथला माणूस कुरकुरत होता. मला हसू आलं, आणि मी ते दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी डहाणूला आलो, सरळ भिंतीपाशी. चित्रं निम्मी झाली होती. पांढरी माणसं हातात हात घालून तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचत होती, सगळीच्या सगळी उभी. जिथे तिचं पाल होतं तिथून पुढची भिंत कोरी होती. मी तिथे पाठ टेकून बसलो.

रंगारी म्हणाला, "आजोबा, उठा. इथे रंग द्यायचाय."

मी म्हटलं, "दे की. माझ्या कडेकडेने दे."