काळ्या धुराचा तपास

माझ्या धाकट्या भावाचे आणि त्याच्या भागीदाराचे होटगी रस्त्यालगत गॅरेज आहे. पान्याचे काम भावाचे, लॅपटॉपचे भागीदाराचे. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे आणि टर्बोने हवा किती दाबाने आत कोंबायची हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. त्यातले आकडे बदलून गाडी जोरकस करून देणे, हा त्यांचा धंदा. त्याला ते ट्यूनिंग म्हणतात. अशा गाड्या त्यांच्याकडे विजापूरहूनही येतात.

गेल्या उन्हाळ्यात भावाची स्वतःचीच गाडी काळा धूर ओकू लागली. ही गाडी म्हणजे गॅरेजची जाहिरात होती. नव्या गिऱ्हाइकाला तीच चालवायला देत. हळू चालवली तर काही नाही. पाय दाबला आणि टर्बोचा जोर आला की मागे काळा लोट आणि पेट्रोलचा उग्र वास. प्लग काढले तर काजळीने माखलेले. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर बाराच्या आसपास आकडा हवा होता. जोर लावला की तो दहाखाली जायचा. आकडा जितका खाली, तितके पेट्रोल जास्त.

दोघांनीही तपासाआधीच आरोपी ठरवला होता. भावाच्या मते भागीदाराने इंजिन तापू नये म्हणून आकड्यांत गुपचूप पेट्रोल वाढवले होते. भागीदाराच्या मते भावाने न सांगता मोठे, जास्त पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसवले होते. महिनाभर दोघांचे बोलणे कामापुरतेच होते. एका संध्याकाळी भाऊ घरी आला.

"अण्णा, उद्या गॅरेजला सुट्टी आहे. तू ये. तुझ्यासमोर तपासायचं. त्यानं आकडे बदलले असतील तर भागीदारी संपली."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. गाडीतले मला फारसे कळत नाही. तिसरा माणूस हवा होता, म्हणून मला बोलावले.

शटर अर्धेच वर होते. भागीदार भवानी पेठेतल्या विणकर घरातला; त्याच्या घरात तेलुगू, आमच्या घरात कन्नड, आणि दोघांची आपसातली भाषा मराठी. त्या दिवशी भाऊ मला कन्नडमध्ये म्हणाला, "त्याच्या हातांवर लक्ष ठेव."

भागीदाराने लॅपटॉपवरून मान उचलली नाही. "दोनच हात आहेत दादा, मोजून घ्या. आणि माझी मावशी अक्कलकोटला असते. कन्नड कळतं मला."

आधी इंजेक्टर निघाले. चारही कंपनीचेच होते. भागीदाराने ते उलटसुलट करून दोनदा पाहिले. पेट्रोलचा दाब मोजला, तो ठीक होता. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलून पाहिला, फरक पडला नाही. मग भाऊ म्हणाला, कंपनीचे मूळ आकडे परत घाल. भागीदाराने घातले. आम्ही तिघे विमानतळाच्या बाजूला जाऊन आलो. धूर कमी झाला होता, पण होता.

"झालं," भाऊ म्हणाला. "आकडे बदलले, धूर कमी झाला. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"कमी झाला. गेला का? माझे आकडे काढल्यावर गेला पाहिजे होता की!"

पुरावा एकच होता आणि दोघांनीही तो आपल्या बाजूने वाचला.

गॅरेजमध्ये आल्यावर भागीदाराने तिसरी शक्यता मांडली. मूळ आकड्यांवर टर्बोचा दाबही कमी असतो. धूर दाबाबरोबर कमीजास्त होत असेल, तर हवा वाटेत कुठेतरी सुटत असेल. फिल्टरपाशी हवा मोजली जाते आणि तेवढ्या हवेचे पेट्रोल आत जाते. मोजलेली हवा पुढे नळीतून गळाली, तर पेट्रोल तेवढेच राहते आणि हवा कमी पडते. दाब नसताना भेग मिटलेली राहते, म्हणून हळू चालवताना काहीच दिसत नाही.

"नळ्या मी बसवल्यात," भाऊ म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय."

टर्बोच्या तोंडाला टोपी लावून त्यांनी कॉम्प्रेसरने आत हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारले. सांध्यांवर बुडबुडे आले नाहीत. पण पुढच्या बंपरच्या आतून फुसफुस ऐकू येत होती. बंपर उतरवला. हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारी रबरी नळी एका लोखंडी पट्टीला घासत होती. घासल्या जागी साबणाचे पाणी मारताच बुडबुडे उठले आणि ते सुतातून येत होते. नळीवर मरून रंगाचे सूत अगदी लागून लागून, घट्ट गुंडाळलेले होते. शेवटी बारीक गाठ, टोके कातरलेली.

भावाने ते नखाने खरवडले. "चादरीचं सूत. हे आमच्या घरात नसतं."

भागीदाराने वाकून गाठ जवळून पाहिली. मग त्याने फोन काढला आणि स्पीकरवर लावला. पलीकडे त्याच्या वडिलांनी तेलुगूत सुरुवात केली.

"नान्ना, मराठीत बोला."

"का रे? कोण आहे?"

"पुढचं तोंड उघडून ठेवलेली गाडी होती. तिची नळी तुम्ही बांधली?"

"हां, ती! चिरली होती की. डबा घेऊन आलो होतो, तुम्ही जेवायला बसलात. बांधली. का, सुटली?"

"सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय?"

फोन बंद झाला. भाऊ माझ्याकडे वळून कन्नडमध्ये पुटपुटला, "पढवून ठेवलं असेल." भागीदाराने हात पुसले आणि गाडीची किल्ली उचलली.

"पढवलं म्हणतोस ना? बस गाडीत. दादा, तुम्हीपण या."

भवानी पेठेतल्या त्यांच्या कारखान्यात माग सुरू होते. त्या आवाजात बोलायचे तर कानाशी ओरडावे लागते. वडिलांनी आम्हाला पाहून हात हलवला आणि आपल्या मागाकडे बोलावले. भाऊ नळीचे विचारू लागला. ते सांगत होते, चीर केवढी होती, सूत कसे ओले करून आवळले. मध्येच एक धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, गाठ मारली, टोके कातरली, माग चालू केला. बोलणे चालूच होते. गाठ नळीवरच्यासारखीच होती. तुटलेले दिसले की बांधायचे, ही तिथली रीत. दिवसभरात कितीदा बांधले हे कोणी कोणाला सांगत नाही. मागावर त्याने काही बिघडत नाही. टर्बोच्या दाबापुढे मात्र सूत टिकत नाही, आणि चीर झाकली गेल्याने ती कोणाला दिसलीही नव्हती.

भाऊ त्या हातांकडे बघत राहिला. मग भागीदाराच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. भागीदाराने ऐकू आले नाही अशी खूण केली. भाऊ ओरडला, "तुझी आकड्यांची फाईल मी पुण्यातल्या एकाला पाठवली होती! तपासायला!"

बाजूच्या मागावरच्या बाईने वळून पाहिले.

"काय म्हणाला तो?"

"फाईल बरोबर आहे म्हणाला! परवाच!"

"परवा?" भागीदारही आता ओरडत होता. "मग आज मला आरोपीसारखं का उभं केलंस?"

"तोपण तुझ्याच ओळखीचा निघाला! म्हटलं, सांभाळून घेत असेल!"

भागीदार हसला की नाही, मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "मीपण पार्ट्सवाल्याला विचारून आलोय. तू मोठे इंजेक्टर नेलेस का म्हणून. नाही म्हणाला. त्याच्यावरपण विश्वास बसला नाही माझा."

वडिलांनी दोघांना बाजूला सरकायला सांगितले. ते दोघे मागाच्या वाटेत उभे होते.

दुसऱ्या दिवशी भावाने घासणारी पट्टी कापली आणि नवी नळी बसवली. भागीदाराने ट्यूनिंगचे आकडे परत घातले. जोर लावल्यावर मीटर बारापाशी राहिला आणि मागचा रस्ता स्वच्छ दिसला. भागीदारी मोडली नाही. आधी गॅरेजमध्येच राहणारा लॅपटॉप मात्र भागीदार आता रोज संध्याकाळी घरी नेतो, आणि भाऊ त्याबद्दल काही विचारत नाही.