हणमंतबाप्पांचा सांडवा

हणमंतबाप्पा जेवता जेवता उठायचे. एक घास हातात, एक तोंडात अर्धा चावलेला, आणि माणूस रस्त्यात. माळावरून आमच्या गावात उतरणाऱ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज आला, की बाप्पा वळणावर जाऊन हात वर करून उभे राहायचे. ट्रक असो, एसटी असो, नाहीतर कुणाचा ट्रॅक्टर. गाडी थांबली की ते आधी गल्लीच्या तोंडाकडं बघायचे, मग वाकून चाकांखाली बघायचे, आणि मग ‘जा’ अशी खूण करायचे. चाकांखाली कधीच कुणी नसायचं. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. एकानं तर विचारलं, “काय म्हाताऱ्या, जकात गोळा करतोस का?” बाप्पा म्हणाले, “न्हाय गा. तू जागा हाईस का झोपलास, तेवढं बघतो.”

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो आणि गावातल्या हुशार पोरांत माझी गणना होत नव्हती. एकदा मला वाटलं, बाप्पांची गंमत करावी. वळणामागं लपून मी तोंडानं ट्रकचा आवाज काढला. चांगला काढला असणार, कारण बाप्पा ताटावरून उठून धावत आले. मला बघितल्यावर रागावले नाहीत. माझ्या खांद्यावरून माझ्या पाठीमागं बघत म्हणाले, “तू हाईस व्हय. मागं कोण हाय तुझ्या?” माझ्या मागं कुणी नव्हतं. पण त्यानंतर आठवडाभर मी मागं वळून बघितल्याशिवाय परसाकडंसुद्धा गेलो नाही.

कोण होतं मागं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाप्पा मूळचे उमरग्याकडचे. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. तेव्हा आमच्याकडं दुष्काळ होता; आमच्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा आणि मग गाव पोहऱ्यांनी ते पाणी उपसून घरी न्यायचं. बाप्पांचा टँकर माळावर दिसला, की बाया घागरी घेऊन विहिरीकडं पळत सुटायच्या. आणि आम्ही पोरं गाड्या घेऊन रस्त्याकडं. गाडी म्हणजे एक फळी, खाली कळंबच्या गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बेरिंगं, पुढं वळवायला दोरी. उतारावर सोडली की खर्रर्र करत पार मारुतीच्या पारापर्यंत जायची. गावात गुळगुळीत जागा एकच, तो डांबरी रस्ता. एके सकाळी कौसाकाकूंचा गौतम गाडीवर बसून गल्लीतून सरळ रस्त्यावर आला. बाप्पांनी ब्रेक मारला. भरलेला टँकर थांबायला जागा लागते.

चूक बाप्पांची नव्हती. कोर्टानंही तेच म्हटलं, गावानंही. बाप्पांना सोडून दिलं. टँकरची किल्ली परत द्यायला लागले, तर त्यांनी ती घेतली नाही. वळकटी काखेत मारून ते आमच्या गावात आले आणि सोसायटीच्या गोडाऊनच्या ओट्यावर राहू लागले. लोकांना वाटलं, माफी मागायला आलेत. पोरं त्यांना विचारायची सुद्धा, “बाप्पा, काकूंची माफी मागितली का?” बाप्पा म्हणायचे, “माफी मागायला त्वांड लागतं गा. मला नुसतं हातच हाईत.”

त्या हातांनी ते गोडाऊन झाडायचे, पोती शिवायचे, आणि गाड्या अडवायचे. कौसाकाकूंचं घर बौद्धवाड्याच्या तोंडाशी, रस्त्याला लागून. काकू रोजगार हमीवर खडी फोडायला जाताना बाप्पांच्या समोरूनच जायच्या. दोघंही एकमेकांकडं बघायचे नाहीत.

गौतम गेल्यावर गावातल्या आयांनी आमच्या गाड्या चुलीत घातल्या. बेरिंगं उरली. बेरिंगं उरली की फळी मिळायला किती वेळ लागतो? पावसाळा कोरडा गेला आणि आम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच उतारावर. माझी नवी गाडी सरळ सोडली तरी डावीकडं जायची, कारण एका बाजूला ट्रकचं बेरिंग होतं आणि दुसऱ्या बाजूला कशाचं होतं ते मला अजून माहीत नाही. अशा गाडीवरून मी थेट बाप्पांच्या दोन पायांच्या मध्ये जाऊन थांबलो. त्यांनी मला उचललं. मग माझं डोकं, हातपाय चाचपून बघितले.

मी म्हटलं, “मोडा बाप्पा गाडी. आईला सांगू नका फक्त.”

“मोडून काय व्हतंय? उद्या दुसरी करचील. पोरं थांबत न्हाईत, जागा तेवढी बदलता येती.”

आणि त्यांनी जागा शोधली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आईबापांनी दगड फोडून माळाखाली एक पाझर तलाव बांधला होता. तलावात पाणी कधी फारसं टिकलं नाही. पण भरलाच तर जास्तीचं पाणी बाहेर पडावं म्हणून त्याला एका अंगाला रुंद दगडी उतार केला होता. त्याला आम्ही सांडवा म्हणायचो. दगड खडबडीत होते, बेरिंग त्यात अडकायचं. त्यावर सिमेंटचा गिलावा दिला, तर गावाच्या पोरांना रस्त्यावर यायचं कारणच उरणार नव्हतं.

बाप्पा सोसायटीच्या चेअरमनकडं गेले. चेअरमन आडदांड माणूस, मिशीत हसायचा. गोडाऊनच्या बांधकामातून उरलेल्या सिमेंटच्या गोण्या कोपऱ्यात पडून होत्या. “सिमेंट न्या की,” चेअरमन म्हणाले. “पण सिमेंटला पाणी लागतं, बाप्पा. गिलावा केल्यावर रोज पाणी मारावं लागतंय, न्हाय तर तडे जातेत. माणसाला प्यायला न्हाय, आन् तुमच्या घसरगुंडीला कोण देणार?” मग मिशीतलं हसू पुसून म्हणाले, “आन् अजून एक. कौसाबाई न्हाय म्हणली, तर ह्या गावात एक तांब्या पाणी मिळायचं न्हाय तुमाला. तिला इचारा आधी.”

बाप्पा तीन-चार वेळा काकूंच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी त्यांनी मला पाठवलं. गावात एवढी पोरं असताना मला का निवडलं, याचं उत्तर ज्याला मिळेल त्यानं मलाही सांगावं. मी वाटेत वाक्य पाठ केलं होतं. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि माझं पाठांतर धुरात गेलं. मी म्हटलं, “काकू, बाप्पा गौतमसाठी सांडव्यावर घसरगुंडी बांधायची म्हणतेत.”

काकूंचा हात पिठातच थांबला. “गौतम येतोय का खेळायला?”

आपण काय बोललो ते माझ्या ध्यानात आलं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, “न्हाय. पण मी येतो की.”

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला. त्यांनी ती उलथली, करपलेली बाजू बघितली आणि म्हणाल्या, “मग तुझ्यासाठी बांधा म्हणावं.”

गवंड्यानं मजुरी न घेता गिलावा दिला. त्याच्या हाताखाली रोजगार हमीवरून दमून आलेले बाप्ये आणि बाया. आणि मग सुरू झालं पाणी मारणं. बाप्पांनी एकच नियम घातला होता, टँकरच्या पाण्याला हात लावायचा नाही. “ते पाणी पिण्याचं हाय. सांडव्याला वापरलेलं चालतंय. सिमेंट काय तोंड वाकडं करत न्हाय.” म्हणून घराघरातून आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं पाणी डोक्यावरून सांडव्यावर यायला लागलं. वाड्यातलं, बौद्धवाड्यातलं, मोमीन गल्लीतलं. कुणाच्या घरचं पाणी कुणाच्या पाण्यात मिसळलं म्हणून एक-दोघांनी कुरकूर केली. चेअरमन म्हणाले, “मग तुमची पोरं रस्त्यावर खेळवा.” कुरकूर बंद झाली. बाप्पा स्वतः आंघोळच करेनासे झाले. पोरं त्यांच्यापासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहायची.

या राष्ट्रकार्यात माझाही वाटा आहे. आईनं दिलेलं पाणी म्हणून मी ताकाचं मडकं विसळलेलं पाणी नेऊन ओतलं. गावातली सगळी कुत्री जमून सांडवा चाटत बसली. त्यांना हाकलायला मी ओल्या गिलाव्यावर धावलो, आणि धावायचा कंटाळा आला म्हणून गाडीवर बसलो. बेरिंगांच्या दोन चाकोऱ्या वरून खालपर्यंत उमटल्या, शेवटी डावीकडं वळलेल्या. गवंडी मला मारायला धावला. बाप्पा मध्ये आले. “राहू दे. कुठं वळायचं न्हाय ते पोरांना कळंल.”

शेवटच्या दिवशी कौसाकाकू आल्या. डोक्यावर घागर. बाकीच्यांसारखं वापरलेलं पाणी नव्हतं, विहिरीचं होतं, त्यांच्या वाटणीचं पिण्याचं. बाप्पा पुढं झाले, “बाई, पिण्याचं न्हाय चालत.” काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वरच्या टोकाला उभ्या राहून त्यांनी घागर हळूहळू वाकडी केली. सगळ्यांनी ते पाणी खालपर्यंत उतरताना बघितलं.

पहिली गाडी सोडायच्या दिवशी अख्खं गाव जमलं, आणि आमच्यापैकी कुणाचाच धीर होईना. एरवी रस्त्यावर उड्या मारणारा मोमीन गल्लीतला रशीदसुद्धा चपलेचा अंगठा चाचपत उभा. कारण काकू तिथं होत्या. त्यांच्या समोर गाडीवर कसं बसायचं? तेव्हा बाप्पा म्हणाले, “सरका. आधी म्या.” आणि त्यांनी नेमकी माझी गाडी घेतली. मी सांगायला तोंड उघडलं, की ती डावीकडं जाते, पण तोवर बाप्पा सुटले होते. एवढा मोठा देह, गुडघे कानापाशी, धोतर वाऱ्यानं फुगलेलं. लोक हसायला लागले. बाप्पा हसत नव्हते. गाडी डावीकडं गेली, कडेच्या दगडावर आदळली, फळीचे दोन तुकडे झाले आणि बाप्पा कोलांटी खाऊन खाली पडले.

हसू थांबलं. सगळ्यांच्या आधी काकू खाली पोचल्या. बाप्पांचा गुडघा फुटून रक्त येत होतं. काकूंनी लुगड्याचा पदर फाडला आणि गुडघ्यावर दाबून धरला. गौतम गेल्यापासून त्या बाप्पांशी पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

“गुडघाच फुटलाय,” त्या म्हणाल्या. “हितं गुडघाच फुटतो.”

बाप्पा मान खाली घालून रडायला लागले. मोठ्यांदा नाही. माझ्या मोडक्या फळीचा तुकडा हातात घट्ट धरून.

पुढची दोन वर्षं सांडवा आमचा होता. रशीद फळीवर सरळ उभा राहून, हात पसरून, घारीसारखा उतरायचा. पलीकडच्या तेर गावची पोरं एसटीच्या टपावर गाड्या टाकून यायची आणि आमच्यापेक्षा सफाईनं चालवून आमचा अपमान करून जायची. बाप्पा खालच्या टोकाला बसून प्रत्येकाला ओरडायचे, “ब्रेक पायात नसतो गा, डोस्क्यात असतो.” संध्याकाळी शेवटचा पोरगा उतरला तरी ते वर बघत राहायचे. आम्ही म्हणायचो, “बाप्पा, समदे उतरले की.” ते म्हणायचे, “उतरू द्या,” आणि तसेच बसून राहायचे. मग आम्हीही वर बघायचो. वर नुसतं आभाळ असायचं, पण आमच्यातलं कुणी आधी उठायचं नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला, तो थांबेचना. बाप्पा तापानं फणफणले. गोडाऊनचा ओटा गळायला लागला, तेव्हा काकूंनी दोन माणसं लावून त्यांना आपल्या ओसरीवर आणलं. शेजारीण म्हणाली, “ज्याच्या टँकरखाली लेकरू गेलं, त्याला पेज पाजतीस व्हय गं?” काकू म्हणाल्या, “न्हाय पाजली तर लेकरू उठून येतंय का?”

आणि एका सकाळी आरोळी उठली, तलाव भरला. सांडव्यावरून पाणी चाललं होतं, हातभर जाड, पिवळं. बायांनी हळदकुंकू वाहिलं, चेअरमननी नारळ फोडला, म्हातारी माणसं पाण्यात उतरून नाचली. आम्हीही नाचलो. मग दुपारपर्यंत आमच्या ध्यानात आलं, की आपली जागा पाण्याखाली गेली. पाऊस उघडला होता, धुतलेला डांबरी रस्ता चकाकत होता. आम्ही गाड्या काखेत मारून गल्लीतून निघालो.

गल्लीच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. “कुठं?” एवढंच विचारलं. त्यांनी आम्हाला एकेकाचा दंड धरून आपल्या अंगणात ढकललं. ओसरीवर बाप्पा डोळे मिटून पडले होते. ओठ तेवढे हलत होते. “सांडवा वाहतोय म्हणतेत. मग पोरं कुठं गेली, बाई? पोरं कुठं हाईत?” सकाळपासून ते हेच विचारत होते.

“हितं हाईत, बाप्पा. माझ्या अंगणात.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुमी.”

काकूंच्या ओसरीपुढं चार शहाबादी फरश्या होत्या. बाकी सगळा चिखल. काकूंनी आमच्याकडं बघितलं. “ओढा रे गाड्या. त्यास्नी ऐकू जाऊ दे.”

चार फरश्यांवर आम्ही सात-आठ पोरं. बसायला जागा नव्हती, उतार नव्हता. आम्ही वाकून गाड्या हातानं पुढं ढकलायचो, मागं ओढायचो. खर्रर्र, खर्रर्र. बाप्पांनी मान त्या बाजूला वळवली.

“समदे हाईत?”

काकूंनी आमच्या एकेकावरून नजर फिरवली. मग बाप्पांच्या उशाशी बसून म्हणाल्या, “समदे.”

आम्ही ओढत राहिलो. हात भरून आले, बेरिंगांत चिखल गेला, तो काड्यांनी काढून पुन्हा ओढत राहिलो. दिवेलागणीला काकू ओसरीच्या कडेला आल्या.

“बास करा, लेकरांनो. गेले बाप्पा.”

आम्ही ऐकलं. रशीदनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. कुणीच हात थांबवला नाही. काकूंनी पुन्हा सांगितलं नाही. त्या खांबाला टेकून बसल्या आणि आम्ही त्या चार फरश्यांवर गाड्या पुढं-मागं, पुढं-मागं ओढत राहिलो.