टबातली फळी

नाखवा सर टबातलं पाणी चाखून बघायचे. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि मला सांगायचं, "अजून खारट आहे. बदला." त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा. प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले त्या दिवशी मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले होते.

समुद्र नसलेल्या पुण्यात बसून बुडालेली जहाजं अभ्यासणारा माणूस, म्हणून 'नाखवा' हे संस्थेतल्या टवाळांनी ठेवलेलं नाव. येईल तो एकच विचारायचा, "सोनं सापडलं का हो?" सर म्हणायचे, "सोनं लक्ष्मी रोडला मिळतं. इथे लाकूड आहे."

टबात कोकणच्या समुद्रातून काढलेली जहाजाची फळी होती. एक खिळा नाही, भोकं पाडून काथ्याने शिवलेली. काही टाके अजून शाबूत होते. ते वाचून जहाज कुठल्या सुतारांनी बांधलं हे सांगायचं, एवढाच सरांचा ध्यास. पण आधी लाकडातलं मीठ उतरायला हवं आणि तोवर ते वाळता कामा नये. गुरुवारी नळाला पाणी नसतं, म्हणून सर बुधवारीच बादल्या भरायचे. घरी एक तांब्याही भरत नाहीत, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार होती.

एकदा सर चार दिवस कोकणात गेले आणि इकडे बडे पाहुणे यायचं ठरलं. संचालक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ही घाण हलवायची आहे. किल्ली द्या." मी मुकाट्याने दिली. त्यांनी फळी गच्चीवर उन्हात वाळवली, व्हॉर्निश फासलं, काचेच्या पेटीत ठेवून झेंडूचा हार घातला. पाहुण्यांनी सेल्फी काढले. आत फळी तडकली होती, टाक्यांचा भुगा झाला होता. टबाच्या वासाने कधी आली नाही एवढी शिसारी मला त्या सगळ्यांची आली. सर्वांत जास्त माझी.

परतल्यावर सर पेटीपुढे उभे राहिले.

"किल्ली कोणी दिली?"

"मी, सर."

"बरं. हार तेवढा काढून ठेवा. पुढच्या सत्काराला चालेल."

त्यानंतर ते संस्थेत आले नाहीत. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं.

फळीचा आधीच सुटलेला एक वीतभर तुकडा माझ्या टेबलाखालच्या बादलीत होता, म्हणून वाचला. त्यावर दोन टाके आहेत. बुधवारी मी पाणी भरते, बोट बुडवून चाखते. परवा नवे संचालक नाक मुरडत किल्ली मागायला आले.

मी म्हटलं, "मिळणार नाही. अजून खारट आहे."