डाव्या कोपऱ्याचा कुंदन

रविवारी दुपारी कोलंबीचं कालवण आणि भात पोटात गेल्यावर जो जागा राहतो, त्याला माणूस म्हणू नये. निनाद तर नुसता खाटेवर टेकलाय. चार वाजता मुलगी बघायला जायचंय, आईने शर्टाला इस्त्री केलीय, आणि आज तो ‘पसंत आहे’ म्हणणार आहे. किती दिवस आईला टोलवायचं? डोळे जड होतात. स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट लांब लांब जाते आणि तिची पंचांची शिट्टी होते.

तो कबड्डीच्या मैदानात उभा आहे. शेजारी डाव्या कोपऱ्यात कुंदन, गुडघ्याला तीच मळकी पट्टी बांधून.

“किती वेळ रे? चढाई येतेय. हात दे.”

निनाद हात देतो. दोघांचा एकमेकांवर जीव होता, पण चारचौघांत त्यांनी हात धरला तो फक्त इथेच, हजारभर माणसांसमोर. साखळी करायची तर हात धरावाच लागतो, त्याला कोण काय म्हणणार? मैदानाबाहेर मात्र बोटाला बोट लागलं तरी दोघे दचकायचे.

“कुंदन, तुला तर आम्ही शिमग्यात पोचवून आलो.”

“पोचवलंत की. तू पार मागे उभा होतास. खांदासुद्धा दिला नाहीस.”

“रडू फुटलं असतं.”

“मग रडायचं. मेलेल्यासाठी रडायला परवानगी लागते होय?”

“कुणाच्या बायकोला लागत नाही. मला लागते.”

 मैदानाची फक्कीची रेघ आता मांडवातली रांगोळी झालीय आणि कडेला वऱ्हाडी बसलेत, फेटे बांधून. मधली रेषा ओलांडून एक मुलगी आत येते. आईने दाखवलेल्या फोटोतली तीच. हातात पोह्यांचा ट्रे, ओठांवर “कबड्डी, कबड्डी”, दम न सोडता. चेहरा लालभडक झालाय बिचारीचा.

“धर!” वऱ्हाड ओरडतं. “धर तिला!” सगळ्यांत मोठा आवाज आईचा.

निनादचं अंग सवयीने झेपावतं. घोट्यावर हात पडणार इतक्यात कुंदन त्याचं मनगट धरून मागे खेचतो.

“सोड, कुंदन. सगळे बघतायत.”

“बघू दे. दम कोंडून जगणं काय असतं ते तुला ठाऊक आहे ना, निन्या? मग तिला कशाला अडकवतोस? जाऊ दे तिला परत.”

“आणि माझं काय?”

“तुझं तू सांग घरी. माझं सांगायचं राहूनच गेलं.”

त्याची पकड घट्ट होते. मुलगी रेषेपलीकडे पोचते आणि भसकन श्वास सोडते. तो श्वास निनादच्या तोंडातून बाहेर पडतो.

“ऊठ रे, दाढी कर.” आई इस्त्रीचा शर्ट घेऊन उभी आहे. मग ती थबकते. “मनगटाला काय झालं? कुणाची नखं ही?”

निनाद बघतो. चार लाल खुणा, अजून ओल्या. त्याची स्वतःची नखं मुळापासून कापलेली आहेत. वाढलेली दिसली तर पंच मैदानात उतरूच देत नाहीत.

“कुंदनची,” तो म्हणतो. “आई, आज जायला नको. आमचं प्रेम होतं. माझं अजून आहे.”

शर्ट तसाच मांडीवर घेऊन आई खाटेवर बसते.  मग पदराचं टोक त्या खुणांवर हलकेच दाबते.

“दुखतंय का रे?”

“खूप,” निनाद म्हणतो.