दादाने घेतली नाही ती डिग्री

"ताई, तुमचे दादा गेले," एवढंच वहिनी बोलली आणि तिच्या हातून कुणीतरी फोन घेतला. मी तेव्हा हायकोर्टाच्या पायऱ्यांवर उभी होते. दीड महिना झाला त्याला... अजून काळा कोट अंगात चढवला की अपराध्यासारखं वाटतं, कारण तो खरं तर दादाने घालायचा होता.

दादा रांझीच्या सरकारी फॅक्टरीत फिटर. बाबांच्या मागे घर त्यानेच ओढलं, नोकरी करत बीए केलं, मग वकिलीच्या प्रवेशाचा फॉर्म आणून त्यावर फोटोही चिकटवला. त्याच आठवड्यात त्याच्या सेक्शनमधल्या एकाला चार्जशीट मिळाली. खात्याच्या चौकशीत वकील चालत नाही. सोबत आपल्यातलाच एखादा कर्मचारी घेता येतो. दादा त्याच्यासोबत बसला आणि त्याची नोकरी वाचली. झालं! मग चार्जशीट मिळालेला जो तो आमच्याच घरी. त्यातलाच कुणीतरी म्हणाला, "भैया, आप वकील बन गए तो हमारे साथ बैठने नहीं देंगे." दादाला ते पटलं. "वकिलाले अंदर येऊ देत नाहीत, मग माह्या लोकांजवळ बसणार कोण?" असं म्हणून त्याने फॉर्म ठेवून दिला आणि काही वर्षांनी मला त्याच कॉलेजात नेऊन बसवलं. माझी पुस्तकं माझ्याआधी तो वाचायचा. परीक्षा माझी, आणि घाम त्याला!

तिसऱ्या वर्षाला मला कळलं की ती समजूतच चुकीची होती. मनाई सनद घेऊन वकिली करणाऱ्याला. नुसत्या डिग्रीला कोण विचारतो? धावतपळत घरी आले. समोरच्या खोलीत एक जण रडत होता आणि दादा त्याला म्हणत होता, "घाबरून काहून राहिला बे? जे झालं तेच सांगायचं." मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले. ह्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू, की तू उगाच थांबलास? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तो रिटायर झाला.

शेवटच्या भेटीत तो खाटेवर पडून होता, बोलताना दम लागत होता. अचानक म्हणाला, "छोटी, एक खरं सांग. डिग्री घेतली असती, तर बसू दिलं असतं का मले?"

"नाही दादा, नसतं बसू दिलं," मी म्हटलं. आवाजही हलला नाही माझा, वकील ना मी!

"मग बराबरच केलं मी," तो म्हणाला आणि कित्येक दिवसांनी हसला. घरापर्यंत मी ऑटोत रडत आले, पण वाटलं, जाऊ दे, सुखाने तर जाईल माझा दादा.

दादाच्या पुण्यानुमोदनाला फॅक्टरीतली माणसं आली. वंदना झाली, जेवणं झाली. तिशीतली एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. "दीदी, भैया के बाद अब मैं बैठती हूँ सबके साथ," ती म्हणाली. "एलएलबी करने का बहुत मन था. जाने से हफ्ताभर पहले भैया ने ही मना किया. बोले, मत कर, फिर बैठने नहीं देंगे. मेरी बहन हाईकोर्ट में है, उसने खुद बताया है."

माझं खोटं त्याने आपल्यापाशी ठेवलं नव्हतं. माझ्या भरवशावर पुढे देऊन गेला होता.

"फॉर्म की तारीख?"

"शनिवार तक है."

"भर दीजिए," मी म्हटलं. "कोई नहीं रोकेगा. मैंने भैया से झूठ बोला था."

मागे वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून ती माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, म्हणजे त्यांना शिकता आलं असतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"रोज रात्री तुमची जुनी पुस्तकं घेऊन बसायचे हो... मी म्हणायची, आता काय कामाची ती."